टँकरचा काटा

८ एप्रिल १९७३, रविवार

चौदा तारखेच्या जयंतीच्या भाषणाची सुरुवात: "वस्तीतल्या आयाबहिणींनो, गाडीची पहिली खेप गावठाणाची, दुसरी तुमची, आणि गाडी बिघडते ती नेमकी दुसऱ्या खेपेला." इथं आवाज खाली. मग चढवायचा.

आजही तेच. सोसायटीची पाण्याची गाडी दुपारी नळदुर्गहून भरून आली, गावठाणात रिकामी झाली, आणि ड्रायव्हर वजीरभाईनं ती लिंबाखाली लावली. म्हणाला, इंजन तापलंय, आता नेली तर कायमची बसंल. मी केबिनमध्ये डोकावलो. टेंपरेचरचा काटा थंडावर. पार खाली.

हंडे घेऊन आलेल्या बाया तशाच परतल्या. माझी बायको सुमन घरी आली. रिकामा हंडा पालथा घातला आणि खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून आणलेली हातोडी कोपऱ्यात ठेवली.

काटा खोटं कशाला बोलेल? माणूस बोलतो. हे वाक्य भाषणात घ्यायचं.

९ एप्रिल

चेअरमन अप्पांकडे गेलो. सांगितलं, तुमचा ड्रायव्हर थापा मारतो, गाडी थंड असताना खेप चुकवतो. वाटलं, वाद घालतील. अप्पा म्हणाले, "तुम्ही हे स्टेजवरून बोला. दुसऱ्या दिवशी त्याला काढतो. माझा मेव्हणा गाडी शिकलाय."

चहा पाजला. तोही कपात. त्या घरात आम्हाला आजवर वेगळा पेला असायचा.

इतक्या वर्षांत अप्पा माझ्याशी सहमत झाले ते आज पहिल्यांदा. खटकलं. बोलण्याआधी स्वतः बघायचं ठरवलं.

१० एप्रिल

पहाटे वजीरभाईशेजारी बसलो. मी कशाला आलोय हे त्याला कळलेलं दिसलं. विडी पुढं केली, एवढंच.

गाडी युद्धाच्या डिस्पोजलमधली, लष्करानं विकून टाकलेली. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा रेडिएटर एका कोपऱ्यात पाझरतो, म्हणून सीटमागं पाण्याचा डबा. वाटेत त्यातून भर घालायची. मी सगळा वेळ काट्यावर डोळा ठेवून. नळदुर्गला टाकी भरून निघालो तेव्हा काटा बरोबर मधोमध आला. म्हणजे मीटर चालू आहे. वाटेत खडीच्या कामाजवळ गाडी थोडी थांबली, मी काट्याची चित्रं कागदावर काढत होतो. पुढं चढ लागला आणि काटा हळूहळू खाली, खाली, थंडावर.

मी म्हणालो, बघा, थंड होतंय.

वजीरभाईनं गाडी कडेला घेतली. "भाऊ, काट्याला वास येत न्हाई. मला येतोय."

बॉनेट उघडलं. चेहऱ्यावर असा झोत आला की मी दोन पावलं मागं सरलो. इंजिन भट्टीसारखं, काटा माघातला.

गार झाल्यावर कसंबसं गावठाण गाठलं. दुसरी खेप नाही.

११ एप्रिल

तालुक्याच्या वाचनालयातून मोटार दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं, ते घेऊन ढाब्यावर बसलो. वजीरभाईला वाचून दाखवत गेलो. त्याला त्यात गंमत वाटू लागली. शेवटी पाना त्यानं उचलला.

आधी इंजिनावरच्या सेंडरची, म्हणजे उष्णता टिपून काट्याला कळवणाऱ्या खुंटीची, वायर काढून बॉडीला टेकवली. काटा ताडकन गरमावर. म्हणजे वायर आणि मीटर ठीक. मग सेंडर काढला, त्याची वायर पुन्हा जोडली, दुसऱ्या तारेनं त्याचं अंग गाडीला बांधलं आणि त्याचं टोक ढाबेवाल्याच्या उकळत्या पातेल्यात बुडवलं. ढाबेवाला म्हणाला, साखर घालू का मोटारीच्या चहात? काटा नीट चढला.

वायर खरी, मीटर खरं, सेंडर खरा. तिघं खरे बोलतात आणि मिळून सांगतात ते खोटं. हे कोडं घेऊन घरी आलो. सुमनला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

१२ एप्रिल

उलगडलं.

आज खडीच्या पुढं गाडीत बसलो; परवाच्याच चढावर काटा पडला. या वेळी आम्ही थांबून राहिलो, पुष्कळ वेळ. मग रेडिएटरच्या टोपणावर पोतं टाकून वजीरभाईनं ते जरा जरा सैल केलं. वाफ गेली. आत पाणी दिसेना. लिंबाची काडी घातली, ती पार तळाशी ओली झाली. सेंडर बसतो वरच्या अंगाला. पाणी त्याच्या खाली गेलेलं, तो कोरडा लटकतोय. पाणीच लागत नाही तर तो सांगणार काय?

एका वाटसरूकडून घागरभर पाणी मिळालं. इंजिन हळू चालू ठेवून बारीक धारेनं ओतलं. पाणी वर पोचताच काटा एकदम गरमावर उडाला. इतके दिवस वजीरभाई खरं बोलत होता.

विचारलं, सकाळी डबा भरून निघता, त्यातलं पाणी कुठं गेलं?

तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "सांडलं असंल."

आणि टाकीत एवढं पाणी आहे, त्यातलं का घेत नाही? टाकीच्या नळाला कुलूप, किल्ली अप्पांच्या गड्याकडं. वाटेत एक थेंब कुणाला दिला तर नोकरी जाईल, ही ताकीद. संध्याकाळी वजीरभाई रेडिएटरमध्ये ओततो ते स्वतःच्या घरचं पाणी. हे ढाबेवाल्यानं सांगितलं, त्यानं नाही.

१३ एप्रिल

सुमननं आज तोंड उघडलं. मी भाषण घोकत होतो.

"डबा आमी रिकामा करतो," ती म्हणाली. "खडीवरच्या सगळ्या बाया. रोज. तुमी त्या दिवशी गाडीत बसला होता, मी समोर ओंजळ धरून उभी. तुमी मान वर केली न्हाई."

मी भाषणाचा कागद खाली ठेवला.

खडीवर ठेकेदारानं ठेवलेलं पाणी दुपारच्या आत संपतं. वजीरभाई गाडी थांबवतो, पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाही, कोण कुठल्या वस्तीची हेही विचारत नाही. दुपारी आमच्या बाया इंजिनाचं पाणी पितात आणि संध्याकाळी आमचीच खेप बुडते. हे त्यांना ठाऊक नव्हतं. इंजिन का तापतं ते मी सुमनला सांगितलं तेव्हा तिला कळलं.

वजीरभाईला भेटलो. म्हणाला, "नाव नका घेऊ भाऊ माझं. पोरीचं लगीन व्हायचंय." खरं कारण सांगावं तर त्याची नोकरी जाते. न सांगावं तर अप्पा त्याला माझ्याच शब्दावर काढतात. त्यांना मी तसं बोललोय.

सुमन म्हणाली, डबा प्यायचं सोडतो आमी. मी म्हणालो, खडी फोडून तहानलेलं राहायचं? हे कुठलं तत्त्व? ती म्हणाली, "मग तत्त्वाचं काय ते तुमी सांगा. किल्ली त्यांच्याकडं हाय."

बरोबर. भांडण काट्याशी नाही, ड्रायव्हरशी नाही.

१४ एप्रिल, सकाळ

जुना मसुदा चुलीत घातला. अप्पा पुढच्या खुर्चीत बसणार, मेव्हणाही येणार म्हणे. ड्रायव्हरबद्दल मी बोललो ते चूक होतं, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. मग एवढंच:

गाडी खरोखर तापते. मी स्वतः पाहिलं आहे. रेडिएटर पाझरतो, तो सोसायटीनं डाग लावून बुजवून घेतलेला नाही. (डब्याचा शब्द काढायचा नाही.) तुमची तहान टाकीतून भागली पाहिजे, ती टाकी तुमच्यासमोरून जाते, तिच्यात सरकारनं दुष्काळासाठी दिलेलं पाणी आहे आणि दुष्काळ तुमच्याही घरात आहे.

सुमनला वाचून दाखवलं. म्हणाली, चांगलं हाय. पण पुढं कोण उभं राहणार? मी म्हणालो, मी बोलेन की. "बोलायचं न्हाई म्हणत मी."

किती जणी येतील माहीत नाही. अप्पा काय करतील तेही नाही. वजीरभाई सभेला येणार नाही म्हणाला, त्याची खेप आहे.

शेवटचं वाक्य असं ठेवलं आहे:

बायांनो, उद्या खडीवर जायच्या आधी सगळ्या मिळून अप्पांच्या दारात चला, आणि टाकीच्या नळाची किल्ली मागून घ्या.