ऐंशी, ऐंशी, ऐंशी

सोमवार, ६ नोव्हेंबर

बारके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मी खुशाल आहे. गुडघाही खुशाल आहे, फक्त जिना चढताना तेवढा कुरकुरतो. घड्याळजींना नमस्कार सांग. लग्नाला वर्ष होत आलं तरी मी मेहुण्यांना 'घड्याळजी'च म्हणते, याचं त्यांना वाईट वाटत नसावं. दिवसभर दुकानात बसून लोकांची घड्याळं उघडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

खोलीचं विचारलंस. वरची खोली बघायला बँकेतला कुणी माणूस आला होता, सज्जन वाटतो, ताई येणार नसेल तर रविवारी त्याला हो म्हणते, असं लिहिलंयस. अगं, मग त्यात विचारायचं काय? खुशाल दे. तुमचा संसार नवा. पन्नाशीत मांडलेला असला म्हणून काय झालं, नवा तो नवाच. त्यात मी कशाला लुडबुड करू?

आणि मला इथे कमी काय आहे? निवृत्त झाले तरी मुख्याध्यापक सोडायला तयार नाहीत. प्रात्यक्षिक आलं की बाईंना बोलवा! या आठवड्यात नववीचं डांबरगोळ्यांचं प्रात्यक्षिक आहे, तेव्हा घरभर तो वास घेऊन हिंडेन. नव्या सरांना परीक्षानळी धरता येते, पण मुलं धरता येत नाहीत.

तेव्हा देऊन टाक खोली. मनात किंतु ठेवू नकोस.

तुझी ताई


गुरुवार, ९ नोव्हेंबर

बारके,

सोमवारचं पत्र पोचलं असेल किंवा नसेल. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. फोनवर मला असलं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी 'बाकी काय' म्हणते, तू 'काही नाही' म्हणतेस, की संपलं. म्हणून हे कुरियरने पाठवतेय. शनिवारी पोचेल असं तो पोरगा छातीठोकपणे म्हणालाय.

काल माझी चांगलीच फजिती झाली. आधी हसून घे, मग पुढचं वाच.

डांबरगोळ्या परीक्षानळीत घालून उकळत्या पाण्यात वितळवायच्या, आत थर्मामीटर ठेवायचा, नळी बाहेर काढून गार होऊ द्यायची आणि दर मिनिटाला रीडिंग घ्यायचं, एवढंच ते प्रात्यक्षिक. पारा उतरत उतरत ऐंशीपर्यंत येतो आणि तिथे हटून बसतो. आतला द्रव घट्ट व्हायला लागलेला असतो, पण तो सगळा घट्ट होईपर्यंत पारा ढिम्म हलत नाही. एकदा का सगळं गोठलं, की मग पुन्हा उतरायला लागतो. कपाटातले बाकीचे थर्मामीटर फुटलेत, एकच धड आहे. म्हणून मी टेबलापाशी उभी राहून रीडिंग ओरडून सांगत होते आणि पोरं लिहून घेत होती.

"ऐंशी!" लिहिलं. "ऐंशी!" लिहिलं. "ऐंशी!"

तोंड ऐंशी म्हणत होतं आणि मी होते तुझ्या वरच्या खोलीत. तो बँकवाला खाट कुठे टाकेल? खिडकीपाशीच टाकणार मेला. सकाळी खिडकीत उभा राहून दात घासणार, आणि तू खालून हाक मारणार, "चहा झालाय हो, या!" तुझी ती हाक त्याला फुकटात मिळणार, याचा मला इतका राग आला म्हणून सांगू!

तेवढ्यात पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी हळूच उठली.

"बाई, पारा खाली गेलाय."

"खाली? कधी?"

"केव्हाचाच. साठाच्यापण खाली आलाय."

बघते तर काय, नळीत सगळं पांढरं, दगडासारखं घट्ट. "अगं, मग आधी बोलायचं नाही?"

"तुम्ही ऐंशी म्हणत होतात ना, बाई."

"आणि बाकीच्यांनी काय लिहिलंय?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "ऐंशी!"

हशा पिकला. मीही हसले. मग हात धुवायच्या निमित्ताने बेसिनकडे गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. नव्या सरांनी तास पुढे रेटला. वाटले तेवढे वाईट नाहीत ते.

बारके, तुलाही मी वर्षभर हेच सांगत आलेय. खुशाल आहे, खुशाल आहे. आणि तू ते खरं धरलंस. तुझी चूक नाही, त्या पोरांचीही नव्हती. ताईवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

मुख्याध्यापक मला सोडत नाहीत, हे काही खरं नाही. ते मला बोलावतही नाहीत. मीच आपली जाते. कपाटं पुसते, बाटल्यांवर नवी लेबलं चिकटवते, शिपाई किल्ल्या वाजवायला लागला की निघते. परवा तो म्हणाला, "बाई, घरी कुणी वाट बघत नाही का?" बिचाऱ्याने सहज विचारलं. मी म्हटलं, "बघते ना, बहीण." असं का म्हणाले देव जाणे.

घरी आले की कुलूप काढून अजूनही म्हणते, "आले गं!" रोज म्हणते. मंगळवारी तर उत्तर आलं नाही म्हणून फणकाऱ्याने पिशवी आपटली. मग लक्षात आलं, आणि चप्पलसुद्धा न काढता तशीच दाराशी बसून राहिले.

तुझ्या लग्नात चारचौघांत मी म्हणाले होते ना, की मला एकटं राहायची सवय आहे म्हणून? कसली सवय? तुझ्या जन्मापासून तू शेजारी होतीस. मोडेन पण वाकणार नाही, हा आईचा बाणा मी घेतला आणि तिचं शहाणपण सगळं तुझ्या वाट्याला गेलं.

खोली देऊ नकोस. मला यायचंय.

आणि त्याला हो म्हणून बसली असशील तर त्याला घालवू नकोस, शब्द दिला की दिला. माझी खाट जिन्याखाली टाक. दुकानाच्या पोटमाळ्यावर टाक. टिकटिक चालेल मला, काहीतरी आवाज असलेला बरा. घड्याळजींना आधी नीट विचार आणि ते काय म्हणाले ते खरं खरं कळव.

मला एकटीने येता येईल. गाडी कुठली, बदलायची कुठे, सगळं ठाऊक आहे. सामानही फार नाही. पण मी एकटीने येणार नाही, बारके. तू न्यायला ये.

तुझी,
ताई