अठराव्या होलवरचा दंड

८ फेब्रु., रवि.
कार्ड गेलं. एका फटक्याने.

दुपारी बाबांचा फोन, गुजरातहून. दादाबरोबर तेच गेले होते. सगळे दिवस प्रेक्षकांच्या दोरीबाहेर उन्हात उभे. या पात्रता स्पर्धेतून वर आलेल्यांनाच वर्षभर व्यावसायिक स्पर्धांत खेळायचं कार्ड मिळतं. दादाचा चौथा प्रयत्न. शेवटच्या होलवर चार फटके पुरले असते, पाच झाले. त्यातला एक दंडाचा. चेंडू होलभोवतीच्या बारीक कापलेल्या ग्रीनच्या बाहेर, वाढवलेल्या गवतात होता, त्याच्यामागे क्लब, म्हणजे मारायची काठी, टेकवताना तो हलला, असं दादाने स्वतःच रेफरीला सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"कुणी बघितलं नव्हतं गो. तरी बोलला," बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. दादा हरल्यावर त्यांचा असा आवाज मी कधी ऐकलेला नाही. जिंकल्यासारखा.

आई म्हणाली, "बोलायला कुणी सांगितलं होतं?" आणि भाताखालचा गॅस बंद करून बाहेर गेली.

१० फेब्रु.
कारखान्यात आज बुशांची, धातूच्या नळकांड्यांची, एक बॅच तपासून नाकारली. उत्पादनवाले नाराज. मापात नाही ते नाही.

जेवताना शेजारच्या टेबलची श्रद्धा: "तुझा भाऊ हॉकी खेळतो ना गं? लागला का नंबर?"
"गोल्फ. नाही."
"जाऊ दे, पुढच्या वेळी."
हे वाक्य लोक किती सहज बोलतात.

१५ फेब्रु., रवि.
बाबा परत आलेत. संध्याकाळी नेहमीप्रमाणे दोघं टीव्हीसमोर. ते मुंबईत एका गोल्फ क्लबवर ग्रीनचं गवत कापायचे, निवृत्त होईपर्यंत. दादा तिथे त्यांच्याजवळ वाढला, मी इथे गावी, पालीला आईजवळ. दादाला खेळ मिळाला, मला बघणं. तक्रार नाही. बघायलाही शिकावं लागतं.

आजची स्पर्धा कट नसलेली. म्हणजे दोन दिवसांनी कोणी बाहेर जात नाही, शेवटून पहिला आला तरी पाकीट ठरलेलं. मला ही स्पर्धा वाटतच नाही. जगातला नं. १ आघाडीवर होता, मग सलग दोन बोगी, दोन होलवर एकेक फटका जास्त. लगेच समालोचक: "त्याच्यात आता ती भूक राहिलेली नाही." पुढच्या होलवर लांबून घरंगळवलेला पट थेट आत गेला. तोच समालोचक: "बघा, भूक!" दहा मिनिटांत भूक गेली आणि आली. निकाल बघून मागून कारण चिकटवायचं. आमच्याकडे असा अहवाल कोणी दिला तर मी सही करणार नाही.

माझं मत: खेळाडूला खेळायचंय की नाही हे रविवारी कळत नाही. रविवारी सगळ्यांनाच जिंकायचं असतं. शुक्रवारी, कट हुकल्याचं पक्कं झाल्यावर, उरलेल्या होलवर तो काय करतो ते बघावं. काही जण रेषा बघणं सोडतात, उरकतात. थोडे आहेत जे तरीही खाली बसून उतार बघतात. त्यांना खेळ आवडतो. मात्र हे थोडेच सगळ्यात वर असतात असं नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपला दादा त्यातला."
हो. दादा त्यातलाच आहे.

१७ फेब्रु.
बाबांकडे व्हिडिओ आहे. शेवटचा होल त्यांनी फोनवर घेतला; कार्ड मिळतंय म्हणूनच घेतला असणार. आता पालीच्या बाजारात ज्याला त्याला दाखवतात. आज भिकाजीकाका, बाबांचे चुलतभाऊ, मुद्दाम बघायला घरी आले.

"हां, हां, इथं हलला बघ!"
"दिसला ना?"
"नाय कसा? चांगला हलला की."

मीही बघितलं. दादा क्लब टेकवतो. थांबतो. मागे होतो, हात वर करतो. रेफरी येतो, बोलणं होतं. दादा चेंडू उचलून पुन्हा ठेवतो. मग चिप, जवळून उचलून मारलेला छोटा फटका. चेंडू टप्पा घेऊन होलच्या वीतभर अलीकडे थांबतो. वर्षात एखादा लागावा असा फटका. दंड नसता तर त्याच फटक्यावर कार्ड होतं.

चित्र सगळंच हलतंय. चेंडू, झेंडा, गवत, दादा.

क्लिप माझ्या फोनवर घेतली. का, ते लिहीत नाही.

१९ फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या मोठ्या पडद्यावर एकेक चित्र सुटं करून बघितलं. झेंड्याची काठी स्थिर धरली आणि बाकी सगळं तिच्या संदर्भात मोजलं. बाबांचा हात थरथरतो तेवढं वजा झालं.

उरलं ते असं: दादाच्या चेंडूवर काळी रेघ असते, ती गवतातून कॅमेऱ्याकडे आहे. क्लब टेकवण्याआधी आणि दादाने हात वर केल्यानंतर रेघ त्याच जागी, त्याच कोनात. हलतोय तो बाबांचा हात.

नेमकं लिहायचं तर: चेंडू हलला नाही असं सिद्ध होत नाही. या चित्रात हललेला दिसत नाही. केसभर हलून परत बसला असेल तर नियमाने ते हलणं नाही. म्हणजे दंड नाही. हे दादाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

तिथली फाइल पुसली. फोनवरची ठेवली.

२२ फेब्रु., रवि.
दुसरी शक्यता तपासली: त्याला खरंच तसं वाटलं असेल. दडपणाखाली डोळे फसतात. असं असेल तर प्रश्नच मिटतो.

म्हणून जुनी स्कोअरकार्डं काढली, गेल्या तीन हंगामांची. जे दिसलं ते मला आवडलं नाही. कट हुकल्यावर दादा सुंदर खेळतो. पुढे जायची शक्यता असते तेव्हा शेवटच्या होलवर काहीतरी घडतं. पाण्यात, झाडात, एकदा चुकीचा क्लब. दर वेळी कारण वेगळं, जागा तीच. एवढ्यावरून हेतू ठरत नाही हे मला कळतं. पण एखादं यंत्र असं वागलं असतं तर मी ते बंद करून उघडायला सांगितलं असतं.

आणि स्कोअरकार्डावर जास्त फटके लिहून सही केली तर कोणी बाद करत नाही, तोच आकडा कायम राहतो. कमी लिहिले तर बाद. खोटा दंड स्वतःवर घ्यायला या खेळात काहीच धोका नाही. उलट टाळ्या.

मुद्दाम चेंडू पाण्यात घातला असता तर ते हरणं मी मानलं असतं. चाहती म्हणून हे मी माफ करत नाही. बहीण म्हणून अजून ठरवलेलं नाही.

१ मार्च
दादा आला, शिमग्यासाठी. क्लबची बॅग आणली नाही. आईने विचारलं तर म्हणाला, मुंबईत मित्राकडे आहे. बारीक झालाय. जेवला बरा. बाबांनी टीव्ही लावला तसा उठून परसात गेला.

 

५ मार्च
पालखी घरी आली. गावकारांनी गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांची नावं झाल्यावर शेवटी: "आणि ह्या लेकरान खऱ्यासाठी आपला घास सोडलान, त्याच्या हाताला यश दे रे महाराजा!" अंगणभर "व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज बाबांचा.

दादा हात जोडून उभा. ओठ हलले नाहीत. हे मात्र मोजावं लागलं नाही.

६ मार्च
सत्कार. मुंबईकर मंडळी गावात आहेत म्हणून आजच उरकला, शाळेच्या पटांगणात. शाल, श्रीफळ. निवृत्त हेडमास्तर बोलले, "गोल्फ आपल्याला कळत नाही, पण इमान कळतं." टाळ्या. मग मुंबईकरांच्या गावमंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षीच्या प्रयत्नाचा सगळा खर्च मंडळ उचलणार. लागेल तितकी वर्षं. बाबा उठून उभे राहिले. दादाने शालीचं टोक घट्ट धरलं होतं.

इथपर्यंत वाईट होतं. पुढे आणखी.

बाबांनी व्हिडिओ मंडळींत फिरवला. शांताराम म्हणून एक आहेत, मुंबईला मोठ्या दुकानात मॅनेजर, ते चष्मा वर करून म्हणाले, "खरं सांगू? मला तर काय हललेला दिसत नाय. पोरान उगाच कार्ड घालवलान."

"नीट बघा ना."

"नीटच बघतोय. हात तुझाच हलतोय, मेल्या!"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "माझी पोर मोजायचंच काम करते. केसाचं माप काढते. ती सांगेल किती हलला ते. आणि मग मी ते तुमच्या मंडळाच्या फळ्यावर लिहायला लावीन!"

"काय गो, काढशील?" शांतारामकाका.

मी म्हटलं, "बघते."

दादा स्टेजवरून माझ्याकडे बघत होता. आम्हा तिघांत एकटाच न घाबरलेला.

७ मार्च
सकाळी दादा गावामागच्या उघड्या सड्यावर चालायला निघाला, म्हणाला ये. कातळावरून पार टोकापर्यंत गेलो. मग:

"मोजलंस?"
"सत्काराच्या आधीच."
"मग?"
"तुला माहीत आहे."

खाली बसला. "हरलो असतो तर बाबा म्हणाले असते, पुढच्या वर्षी. जिंकलो असतो तर दर वर्षी. मला वाटलं, असं केलं तर कुणी काय बोलणार नाय. बाबांचा मानही राहील आणि मी सुटेन."

"खेळ आवडत नाही?"

"खेळ आवडतो गं. संध्याकाळी एकट्याने नऊ होल खेळायला लाव, उद्या जातो. ते बाकीचं नको. बाबा दोरीपलीकडे उभे असतात ते नको."

समालोचकांना इतकं कधी सुचत नाही. खेळाडू कशासाठी खेळतो यावर तासतास बोलतात. कोणासाठी, हे विचारत नाहीत. मीही विचारलं नव्हतं. स्कोअरकार्डं तीन वर्षांची काढली, फोन एक केला नाही.

"तू सांग त्यांना," तो म्हणाला.

"तू सांग."

"मी सांगितलं तर म्हणतील, मंडळाचा खर्च नको म्हणून बोलतोय, पोरगा किती साधा. आणखी एक शाल आणतील. तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवतील."

"म्हणजे खोटं तू बोलायचंस आणि खरं मी."

"हो," म्हणाला. लाजला नाही. थकला होता.

 दुपारी त्याला मुंबईच्या गाडीसाठी स्कूटरवरून हातखंब्याला सोडलं. गाडी येईपर्यंत उसाचा रस प्यायलो. गाडीत चढताना म्हणाला, "तू जे सांगशील ते मी धरून चालेन." हे वाक्य मला त्याने द्यायला नको होतं.

८ मार्च, रवि.
पर्याय.

आकडा द्यायचा. दीड मिलिमीटर, काहीही. कोणी तपासणार नाही. बाबा फळ्यावर लिहितील, दादा पुन्हा जाईल. शेवटच्या होलवर पुन्हा काहीतरी होईल.

खरं सांगायचं. दादा सुटेल. बाबांनी गावभर जे दाखवलं ते त्यांच्याच हाताचं थरथरणं होतं, हे त्यांना माझ्याकडून कळेल.

चित्र स्पष्ट नाही असं म्हणायचं. ते खोटं आहे. चित्र स्पष्ट आहे.

आज टीव्हीवर अंतिम फेरी होती, बाबांनी लावली नाही. दुपारी आंघोळ करून क्लबने निरोपाला दिलेला शर्ट घातला. इस्त्रीचा. मग माझ्या खोलीच्या दाराशी आले. लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर झेंड्याची काठी.

"झालं मोजून?"

"होतंय."

आत या, बसा म्हटलं. आले नाहीत. पडवीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तू नीट कर," बाहेरून म्हणाले. "मला काय घाई नाय."