चौदा नंबरची बाटली

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू मजेत असशील असं लिहिणं सोपं आहे. चार महिने तू माझा फोन घेतलेला नाहीस, तेव्हा हा अंदाजच. साखर अजून चढीच आहे, एवढं भाऊजींकडून कळलं.

मी बरी आहे. प्रयोगशाळेत आम्ही आतड्यातले जिवाणू तपासतो. कडधान्यांच्या, फळांच्या सालीत जे रंगीत, तुरट पदार्थ असतात ते आपल्याला फारसे पचत नाहीत, खाली जिवाणूंपर्यंत पोचतात. जिवाणू ते फोडतात, आणि त्यातून जे निघतं त्याचा साखर ताब्यात ठेवायला उपयोग होत असावा. ‘असावा’ म्हणायला मला मॅडमनी शिकवलं. घरून निघाले तेव्हा तो शब्द मला येत नव्हता.

गेल्या महिन्यात निरोगी माणसांचे नमुने कमी पडले, म्हणून आम्हीही दिले. कशाचे ते विचारू नकोस, जेवत असशील. बाटल्यांवर फक्त नंबर. परवा निकाल वाचताना मॅडम थांबल्या.

“हा चौदा नंबर कोण गं? जिवाणूंचे इतके कमी प्रकार! याच्या घरी चूल पेटते की नाही?”

सगळे हसले. मीही हसले. चौदा नंबर मी होते.

एका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही. पण खोलीतलं पातेलं कोरडं आहे, हे खरं. सकाळी चहा-पाव, संध्याकाळी पाव-चहा. आईला फोनवर रोज नवी भाजी सांगते. परवा तीच दुसऱ्यांदा सांगितली, तर म्हणाली, “तुमच्या भाजीवाल्याकडे एकच भाजी मिळते वाटतं!”

ताई, तो डबा, मी घरून निघताना तू पुढे केलेला. सालीसकट भाजलेले हरभरे आणि जवस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “आधी स्वतःची साखर सांभाळ. नववीत शाळा सोडलेल्यांनी मला आहार शिकवू नये.” शाळा कुणासाठी सोडलीस, हे तेव्हा मी सोडून घरात सगळ्यांना आठवत होतं. तू झाकण घट्ट लावलंस आणि डबा फळीवर ठेवलास.

गोळ्या चुकवू नकोस. हे शिकवणं नाही, विनवणी आहे.

डबा अजून तिथेच असेल तर पाठव. खवट झाला असला तरी चालेल. नाहीतर रिकामा पाठव. मी इथे भाजेन, आणि आच किती ठेवायची ते विचारायला रविवारी फोन करेन.

उचलशील?

तुझ्या वाटणीचं शिकलेली,
धाकटी