आईच्या मापाचा बाक

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी होसकोट्याचा माणूस तुझी गाडी न्यायला येणार होता. तो आता यायचा नाही. का यायचा नाही, ते तुला कळवायला हवं. घरात या गोष्टीवर बोलायला कुणी धजत नाही, आणि मला आज बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणून लिहायला बसले.

गाडी अजून अंगणातच आहे, नारळाखाली. झावळी टपावर पडली की तुझी लेक सुमी दचकते. त्या बाजूची खिडकी आईनं तू गेल्यापासून उघडलेली नाही. उन्हाळाभर त्या खोलीत जीव घुसमटला, पण कडीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

गाडी आणलीस तो दिवस आठवतो का तुला? कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलीस, तेव्हा आम्हाला वाटलं, तू आता एखादं दुकान टाकशील. आणि तू घेऊन आलास ती जुनी मॅटाडोर! कुठल्याशा बेकरीचे पाव वाहून दमलेली. आई पायरीवर आली, नाक वर करून म्हणाली, "गोपाळा, यातून केक जायचे ना रे? अंड्याचे?"

"नाही गं आई, नुसते पाव."

"तू रोज बघायला होतास?"

तिचं समाधान होईपर्यंत तू गाडी धूत राहिलास. शेवटी आतून बेकरीचा वास गेला आणि गोमूत्राचा यायला लागला. वहिनी म्हणाली, "आता पोलीससुद्धा अडवणार नाहीत!"

तीनशे वर्षं झाली म्हणतात आपल्याला बंगळुरात येऊन. दुकानात आपण कन्नडमध्ये मोजतो, घरात थोड्याला स्वल्प आणि बरं म्हणायला सरी म्हणतो, पण आडनाव अजून वडगावकर. ते वडगाव आजोबांनी पाहिलं नाही, त्यांच्या आजोबांनीही नाही. तुला ते आईला दाखवायचं होतं. पण नकाशात पाहावं तर वडगावं पैशाला पासरी! खूण काय, तर ओढ्याकाठी देवीचं देऊळ.

"ओढ्याकाठी देऊळ नाही असं गाव तरी असतं का रे?" आई म्हणाली.

"मग सगळी वडगावं बघू."

"आणि राहायचं कुठे?" वहिनीनं विचारलं. "आई तर हॉटेलातलं पाणीसुद्धा पीत नाहीत."

"म्हणूनच तर गाडी! घरच बरोबर न्यायचं. मग घाई कसली?"

किती खूश होतास तू ते बोलताना! तुझा तो चेहरा कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या दाराशी स्वयंपाकघर, मध्ये निजायचा बाक, पुढे आपण सगळे. आईच्या अटी तुझ्या नकाशापेक्षा लांब. गादीच्या शेजारी चूल चालणार नाही. पडदा लावतो म्हणालास, तर ती म्हणाली, "पडदा म्हणजे कापड. कापडाला विटाळ लागतो. फळी घाल, ती पुसता येते." तू मुकाट्यानं चिकपेटला गेलास, प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या घेऊन आलास आणि फळी घातलीस. सोवळ्याचा स्वयंपाक पलीकडे, निजणं अलीकडे.

फळी आली आणि बाकाची लांबी तेवढी कमी झाली. तू म्हणालास, आई बुटकी आहे, तिच्यापुरता पुरे. तिला चटईवर निजवलंस आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरलीस. ती ताडकन उठून बसली.

"जित्या माणसाचं निजवून माप घेतोस? तिरडी बांधतोयस का माझी?"

"अय्यो, बाक आहे गं आई!"

आपण सगळे पोट धरधरून हसलो. तीही हसली. अण्णा, त्या हसण्याचा मला आता फार त्रास होतो.

एकच दिवस ती गाडी घरासारखी वापरली आपण. आनेकलच्या बाजूला, त्या तळ्यापाशी. आईनं पाटावर बसून चित्रान्न केलं, मागचं दार उघडं. सायकलवरून चाललेला एक माणूस थांबला आणि त्यानं विचारलं, "होटेलु?" तू म्हणालास, "हो, पण कुणाला वाढायचं ते मालकीणबाई ठरवतात." मालकीणबाईंनी त्यालाही पानावर वाढलं. जेवल्यावर तू बाकावर आडवा झालास, तर गुडघे वर! वहिनी म्हणाली, "अहो, फळी स्वल्प मागे सरकवा ना." तू म्हणालास, "मला कुठे निजायचंय? मी तर गाडी चालवणार."

आणि खांद्याच्या दुखण्याचं खरं आम्हाला का सांगितलं नाहीस? करवत चालवून भरलाय म्हणायचास. वहिनी रोज तेल चोळायची. तू तिच्यापुढे हसत बसायचास आणि आम्ही ते हसणं खरं मानायचो. तुला एकदा तरी म्हणावंसं वाटलं नाही का रे, की हे काही वेगळंच आहे?

त्या सकाळी तू खिडक्यांना कड्या बसवत होतास. शहरात बंद होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तू गाडीच्या पायरीवर बसलास आणि म्हणालास, "कमळे, पाणी दे." मी पाणी आणेपर्यंत तुझा सदरा घामानं भिजला होता. रिक्षा नव्हती. अँब्युलन्सला फोन केला, ती येईना. शेवटी समोरचे नंजुंडप्पा धावत आले. त्यांनी एके काळी लॉरी चालवलेली. तुझ्याच खिशातून किल्ली काढून ते चाकावर बसले.

आम्ही तुला बाकावर निजवलं. डोकं माझ्या मांडीवर. वहिनी तुझा हात धरून खाली बसली. आई देवघरातून तशीच आली, सोवळ्यातच, आणि तुझ्या पायांपाशी वाकून उभी राहिली. गुडघे मोडूनही टाचा फळीला लागत होत्या. प्रत्येक खड्ड्याला तो आवाज व्हायचा. आई मध्ये हात धरायची, गाडी हिसका द्यायची, हात निसटायचा, पुन्हा आवाज. हॉस्पिटल यायच्या आधीच तू माझ्याकडे बघायचा थांबला होतास. मी कुणालाच ते सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं?

परतही त्याच गाडीनं आणलं तुला. दुसरं वाहन कुठून आणणार? पुन्हा तोच बाक, तेच गुडघे, तोच आवाज. फरक एवढाच, की या वेळी आईनं मध्ये हात धरला नाही.

त्यानंतर तिनं खिडकी लावली. "ती गाडी दारात नको," एवढंच म्हणायची. आम्हाला वाटलं, विटाळ. ज्या गाडीत प्रेत आलं, तिथे तिची चूल कशी पेटणार? भटजींनी शुद्धीचा उपाय सांगितला, तर ती त्यांच्यासमोरून उठून गेली. वहिनीला गाडी ठेवायची होती. "त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं हे एवढंच आहे माझ्याकडे," ती मला म्हणाली, पण सासूपुढे बोलली नाही. अखेर होसकोट्याचा माणूस आला. कारखान्यात कामगार न्यायला त्याला गाडी हवी होती. म्हणाला, आतलं सगळं काढून ठेवा.

आज दुपारी मी आणि वहिनी सामान काढत होतो. डबे, पाट, तू लावलेले कपांचे हूक. वहिनी एकेक हूक काढून पदरात ठेवत होती. एवढ्यात मागच्या दाराशी आई येऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा!

मी म्हटलं, "उद्या जाईल ही. मग खिडकी उघडू आपण."

तिनं विचारलं, "तो ही फळी काढणार?"

"हो. सगळंच काढणार."

"मग आपणच काढू."

ती आत चढली. मी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. बाकाच्या टोकाला गेली आणि फळीवर खाली, बरोबर त्या जागी, तळहात टेकवला.

"इथे लागत होत्या टाचा."

वहिनीनं हातातला हूक खाली ठेवला.

"माप माझं घेतलं होतं त्यानं," आई म्हणाली. "निजवून घेतलं होतं. निजायचं मी होतं." मग फळीवरचा हात न काढता, "आणि ही फळी माझ्या सोवळ्यासाठी. नसती तर लेकरू पाय पसरून तरी गेलं असतं."

वहिनी रडत म्हणाली, "आई, असं नका ना हो बोलू. आणि फळी काढली तर तुमचं सोवळं?"

"कसलं सोवळं घेऊन बसलीस? स्क्रू काढ."

तुझे स्क्रू, अण्णा! कुणासाठी इतके घट्ट बसवलेस? वहिनीच्या हाताला फोड आला, माझ्याच्यानं एकही हलला नाही. शेवटी नंजुंडप्पांना हाक मारली. ते आले, त्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि काही न विचारता कामाला लागले. फळी निघाली तशी बाकापासून मागच्या दारापर्यंत सगळं मोकळं झालं, अंगणातला उजेड थेट आत आला. आईनं पलीकडच्या ओट्यावरून शेगडी उतरवून खाली ठेवली. गादीची दुमडलेली कड उलगडली, ओट्यावर पसरली, हातानं साफ केली.

"आता पुरेल," म्हणाली.



संध्याकाळी वहिनी कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर जाऊन आली. होसकोट्याच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं तिनं. आई त्यावर हो म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. खिडकी अजून बंदच आहे. वडगावाचं नाव तिच्यासमोर काढायला मी धजले नाही, आणि ती गाडीत पुन्हा कधी चढेल असं मला वाटतही नाही.

तरी तुला शब्द देते, अण्णा. नंजुंडप्पा मला गाडी चालवायला शिकवणार आहेत. नीट हात बसला की मी वहिनीला आणि सुमीला घेऊन निघेन. एकेका वडगावात थांबून ओढा कुठे आहे ते विचारेन. आई आली तर तिची शेगडी ती म्हणेल तिथे ठेवू. नाही आली, तर परतल्यावर प्रत्येक देवळाचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते तिला सांगेन, त्या बंद खिडकीपाशी बसून. आणि बाक तुझ्या लांबीचाच राहील. मध्ये पुन्हा काही येऊ देणार नाही.

तुझी,
कमळ