ताइफला जायचं कुणी ठरवलं

आई, मंगळवारी सकाळी तुझ्या जावयांच्या छातीत दुखलं. प्लांटवर निघताना बूट घालायला म्हणून वाकले आणि तसेच खुर्चीत बसून राहिले, कपाळावर घामाचे थेंब. मी गाडी काढली. हो, आता इथे सौदीत बायकांना गाडी चालवता येते, तू होतीस तेव्हा येत नव्हती. दहा मिनिटांत हॉस्पिटल गाठलं. एक नळी बंद होती, तिथे स्टेंट घातला. आता बरे आहेत, घरी आलेत, मीठ कमी म्हणून वरणाला नावं ठेवताहेत. सांगायचं आहे ते वेगळंच. स्ट्रेचरवरून आत नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले काय, तर “पोरीला कळवू नकोस. तिची परीक्षा होऊ दे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा आत चाललाय, जगतो की मरतो माहीत नाही, आणि मला त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटत होतं, की पुन्हा? अजून पुन्हा? तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तू लावलेली सवय गेलेली नाही या माणसाची.

म्हणून लिहायला बसले. अकरा वर्षांत तुला एक वाकडा शब्द बोलले नाही मी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण गेलेल्या माणसाशी भांडू नये असं कुठे कुणी म्हटलंय?

यान्बूतले आमचे शुक्रवार तुला तोंडपाठ होते. शुक्रवारी सकाळी इथे सगळं चिडीचूप असतं. दुपारची नमाज होईपर्यंत दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही उशिरा उठून पोहे खायचो, लेक कार्टून लावून बसायची, आणि अकराच्या सुमारास मी तुला फोन करायची. तुझ्याकडे दीड वाजलेला असायचा, जेवण उरकून तू फोनपाशीच बसलेली. पहिला प्रश्न ठरलेला, “मग, या आठवड्यात कुठे गेलात?” जायचो कुठे डोंबलाचं! उन्हं उतरली की समुद्रावर, चटई आणि चहाचा थर्मास घेऊन. फार तर मासळी बाजारात मासा निवडायचा, तिथेच तळून घ्यायचा आणि गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून खायचा. खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभी बरोबर असल्या तर त्यांच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या. तुझे जावई मुळातले घरकोंबडे. सुट्टीच्या दिवशी सोफा आणि क्रिकेट मिळालं की यांना स्वर्ग दोन बोटं. सात वर्षं मी त्यांच्यामागे भुणभुण केली की अहो, आपण या देशात आलोय तर जरा बघूया तरी. सात वर्षं उत्तर एकच, “बघू पुढच्या आठवड्यात.”

आणि मग त्या वर्षी, थंडी सरता सरता, काय चमत्कार झाला कोण जाणे. एका गुरुवारी कामावरून येऊन स्वतःहून म्हणाले, “उद्या जेद्दाला जाऊ, जुनं शहर बघू.” पुढच्या शुक्रवारी उम्लुजचा समुद्र. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी कुठे. मी हरखून गेले. तुला फोनवर सांगत होते ना, “अगं आई, यांना काय झालंय काही कळत नाही, माणूस सुधारला!” तू हसलीस. तुझा आवाज बारीक येत होता, मी विचारलं तर म्हणालीस घसा बसलाय, हवा बदललीये. मी म्हटलं हळदीचं दूध घे. हळदीचं दूध! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ताइफला गेलो ती सगळ्यांत मोठी सहल. मला एप्रिलमध्ये इथल्या भारतीय शाळेत नोकरी लागली होती, लग्नानंतरची पहिली, आणि शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. हे म्हणाले, “तुला बक्षीस. गुलाब फुललेत, दोन दिवस जाऊन येऊ.” मक्केला वळसा घालून जाणारा, आमच्यासारख्या बिगरमुस्लिमांचा रस्ता घेतला, मग तो घाट, वळणावर वळणं, कठड्यावर बसलेली माकडं. एकाने लेकीच्या हातातला बिस्किटाचा पुडा लांबवला, ती आधी रडली आणि मग दिवसभर तेच सांगत सुटली. सकाळी उजाडता उजाडता आम्ही गुलाबाच्या मळ्यात आहोत. हवेत गारवा आहे, मी किती वर्षांनी शाल पांघरली आहे. मळ्याचा म्हातारा मालक लेकीच्या फ्रॉकच्या ओच्यात ओंजळ ओंजळ फुलं टाकतोय. तुझे जावई लांब गाडीपाशी फोनवर बोलताहेत, पाठ माझ्याकडे. मी ओरडते, “अहो, फोन पुरे, फोटो काढा ना!” ते वळतात, डोळे पुसतात. मी म्हणते काय झालं, ते म्हणतात धूळ गेली. आणि फोटो काढतात. त्या फोटोत मी इतकी हसतेय, आई, की सगळ्या दाढा दिसताहेत. त्या वेळी फोनवर नाशिकहून दादा होता आणि तुझ्या फुप्फुसात पाणी भरल्याचं त्यांना सांगत होता.

तेव्हा मला काही माहीत नव्हतं. ताइफहून परतून पाचवा दिवस, हे म्हणाले, “आईंना जरा बरं नाही. तू लेकीला घेऊन जाऊन ये. मला सुट्टी नाही मिळत, प्लांटवर दुरुस्तीचं शटडाउन चालू आहे.” उद्याची तिकिटं हातात. आता इथली पद्धत तुला कधी समजावून सांगितली होती की नाही आठवत नाही. बायको नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर असते. तिला देशाबाहेर जाऊन परत यायचं तर नवऱ्याने आधी व्हिसा काढावा लागतो. तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या फाइलीत घालून दिला. विमान वर गेलं, लेक झोपली, आणि करायला काही नाही म्हणून मी फाइल उघडली. व्हिसा काढल्याची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची होती.

पहिल्यांदा वाटलं छपाईची चूक असेल. मग मी बोटांवर मोजलं. जेद्दाला गेलो त्याच्याही दोन दिवस आधी. म्हणजे हा माणूस अडीच महिने माझा परतीचा कागद काढून, कपाटात ठेवून, माझ्याबरोबर समुद्रावर मासे खात होता. चटईवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडत होता. मला तिथे ओरडताही येईना, शेजारी एक केरळी नर्स झोपलेली. चार तास मी तो कागद हातात धरून बसले. तू आजारी आहेस याचं रडू मला नंतर आलं. आधी आला तो संताप, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

नाशिकला पोचले तर तू कॉटवर, केस गेलेल्या डोक्याला ओढणी गुंडाळलेली, एवढीशी झालेली. मी तुझा हात हातात घेतला, आणि तू पहिलं वाक्य काय बोललीस? “ताइफला गुलाब होते का गं?” तू आपल्याच कौतुकात, “मीच सांगितलं जावईबापूंना, तिला घरात बसू देऊ नका, दर आठवड्याला कुठेतरी न्या. ताइफचं नाव तूच घ्यायचीस ना गं फोनवर, ते लक्षात होतं माझ्या.” तुला वाटलं मला आनंद होईल. आई, मी सात वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या नवऱ्याने मला दिलंच नव्हतं. ते तू पाठवलं होतंस, नाशिकहून, कॉटवर पडून, आणि तेही माझं तोंड दुसरीकडे वळवायला.

मी म्हटलं, “मला का नाही सांगितलंस?”

“आधी नोकरीची खटपट, मग नवी नोकरी तुझी. आणि असलं फोनवर सांगत नसतात.”

हे मात्र खरं तुझं बोलणं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडलेस तू. शनिवारी माझी सकाळची शाळा सुटली की मी तिथे येऊन तुझ्या खुर्चीमागे डबा खात बसायची, तू कानाला हेडफोन लावून वायरी काढतेस, घालतेस, “बोला, मस्कत लाइनवर आहे.” एकदा तू जोडलेल्या कॉलवर एका बाईला तिचा नवरा गेल्याचं कळलं आणि ती खालच्या बूथमध्येच कोसळली. तू हेडफोन काढून जिना उतरून धावलीस. तुझ्या साहेबाने मेमो दिला. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तू बाबांना म्हणालीस, “वाईट बातमी द्यायची तर समोर बसून, हात धरून. तारेवरून नाही.” पटलं मला, तेव्हाही पटलं. पण मग हात धरायला मला बोलवायचं ना! आणि मी पाचवीत प्रगतिपुस्तकावर तुझी खोटी सही केली तेव्हा? तू मला दोन फटके दिलेस आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरलास. रात्री जेवायला वाढताना म्हणालीस, चूक केलीस त्याचं नाही, मला फसवलंस त्याचं वाईट वाटतंय. अगदी हेच, आई. अक्षरशः हेच.

चार दिवस होतीस तू त्यानंतर. मी तुझं सगळं केलं, पण धड बोलले नाही तुझ्याशी. तू बघत होतीस माझ्याकडे. विचारलं नाहीस.

परत आले तर तुझे जावई दारातच रडायला लागले. “आईंनी शपथ घातली होती गं. काय करणार होतो मी?” भाभींनाही ठाऊक होतं म्हणे सगळं, फक्त मलाच नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? भाभी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “आमच्यात असाच करतात गो. बापये परमुलखात, घरात मय्यत झाली तरी चार दिवसांनी कळवायची. आधी कळवून तो काय करनार? समुद्रात उडी टाकनार?” मी त्यांच्याकडे सहा महिने गेले नाही.

त्यानंतर आम्ही खूप फिरलो. खरंच फिरलो, त्यांनी मनापासून नेलं. पण हे “चल, जाऊन येऊ” म्हणाले की माझ्या तोंडून निघतं, “का? कोण आजारी आहे?” आधी ते हसायचे. मग हसायचे थांबले. मग विचारायचेच थांबले. आता शुक्रवारी आम्ही घरीच असतो.

तर मंगळवारी त्यांना आत नेलं आणि मी तिथल्याच कॉरिडॉरमधून पुण्याला पोरीला फोन लावला. म्हटलं, माझ्या लेकीला मी फसवणार नाही. सगळं सांगितलं, नळी, स्टेंट, सगळं. मग म्हणाली, “मम्मा, मी येऊ का?” मी म्हटलं नको, परीक्षा आहे, डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. “मग आत्ता का सांगितलंस? अर्ध्या तासात माझी व्हायवा आहे.” तिचा आवाज फाटला. “मी इथून काय करू, सांग ना! व्हॉट डू यू वॉन्ट मी टू डू?” व्हायवात तिला एकही उत्तर आलं नाही. समोरच्या सरांनी पाणी दिलं. हॉस्टेलवर ती दिवसभर एकटी रडत होती, हे तिच्या मैत्रिणीने मला नंतर सांगितलं.

अर्धा तास. आई, मला तिच्या व्हायवाची वेळ माहीत होती. आदल्या दिवशीच तिने सांगितली होती, मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहूनही ठेवली होती. तास-दीड तास थांबले असते तर आकाश कोसळलं नसतं, तोवर हे बाहेरही आले असते. तुझे जावई समजतात की मी घाबरून फोन केला, लेकही आता तसंच समजते, “इट्स ओके मम्मा, यू वेअर स्केअर्ड” म्हणाली काल. मी घाबरले नव्हते. नंबर फिरवताना माझ्या डोळ्यांसमोर पोर नव्हतीच. तू होतीस. तुला दाखवायचं होतं, बघ, असं सांगायचं असतं. हे मी त्या दोघांनाही सांगितलेलं नाही.