प्रीतीची तोंडी परीक्षा अन् माझं लिनक्स

५ मे, सोमवार. सकाळी ९

प्रीतीची बीएची शेवटची तोंडी परीक्षा शुक्रवारी सकाळी अकराले. घरूनच, ऑनलाइन. लग्नानंतर बावीस वर्षांनी पुस्तक हातात घेतलं बायकोनं. ही हुकली तं वर्ष गेलं. परीक्षेच्या साइटले ब्राउझरमध्ये प्लगइन, म्हणजे एक छोटा जादा प्रोग्राम, लागते. विंडोजवाले बटन दाबून मोकळे. लिनक्सवाल्यांनी हातानं टाकायचं. आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे. टाकू. पाच मिनिटांचं काम.

दुपारी ३

फाइल उतरवली. उघडत नाही. प्रीती म्हणे, पुतण्याले विचारा, प्रशिक मिहानमधल्या आयटी कंपनीत हेच काम करते. ज्याले माऊस धरायले मी शिकवलं, त्याले मी विचारू? हट!

६ मे

टर्मिनलनं, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीनं, पासवर्ड मागितला. टाइप करतो तं एक अक्षर उमटत नाही. कीबोर्ड मेला. भर उन्हात सीताबर्डीहून नवा आणला.

७ मे

नवाही खराब! दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार म्हणे, पासवर्ड दिसतच नसते, टाइप करा अन् एंटर मारा. मले माहीत होतंच. त्याले माहीत आहे का, ते पाहून राहिलो होतो.

८ मे. सायंकाळी ६

एंटर मारला. प्लगइन बसलं! टर्मिनलनं तसं लिहून दिलं. ब्राउझर म्हणते, नाही बसलं. नंतर समजलं, ते रूटच्या खात्यात गेलं. रूट म्हणजे कॉम्प्युटरचा मोठा साहेब. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्यावर साहेब? चालणार नाही. सगळं पुसून लिनक्सच नवीन टाकतो.

प्रीती नोट्स घेऊन शेजारच्या पिंकीकडे गेली. काहून, ते विचारलं नाही. कामात होतो.

९ मे, शुक्रवार. सकाळी १०.४०

नवीन लिनक्स ६४ टक्के बसलं. वेळ भरपूर आहे. प्रीतीले सांगायले उठलो तं घरात नाही.

दुपारी १

पिंकीच्या लॅपटॉपवर दिली परीक्षा. विंडोजवर! सोमवारीच ठरवलं होतं म्हणे.

परीक्षक बाईंनी विचारलं, बाईच्या शिक्षणात घरातून अडथळा कसा येते, उदाहरण द्या. प्रीतीनं या चार दिवसांचं सगळं सांगितलं. बाई जाम खूश. दुसरा प्रश्नच विचारला नाही.

म्हणजे पास कोणामुळे झाली? माझ्याचमुळे ना!

पण माझं नाव नाही घेतलं तिनं. नुसतं ‘आमच्या घरचे’ म्हणाली. वाईट वाटलं.