वस्तरा, यंत्र आणि माझी हनुवटी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

फराळाचे डबे घासून झाले, इंद्रजीत पुण्याला परत गेला, आणि त्यानं आणलेला सेफ्टी रेझर अजून न्हाणीघराच्या फळीवर तसाच! गणपतीत लेकानं केवढ्या हौसेनं आणला होता — जड, चकचकीत, सोबत पात्यांची पाकिटं. कारण बापाचा हात थरथरतो. श्रावणात वस्तऱ्यानं गळ्याखाली केवढं कापलं! टॉवेलवरचा डाग अजून निघाला नाही.

पण हे कुठले ऐकायला. छत्तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. फूटपट्टी न लावता फळ्यावर सरळ रेघ मारायची, असा ह्यांचा लौकिक. जाताना इंद्रजीतनं विचारलं, वापरता का? तर म्हणाले, "ते खेळणं तुझ्या पोराला दे की."

वडिलांचा वस्तरा, वडिलांचा चामड्याचा पट्टा. पूर्वी अंगणात आरसा टांगून, सगळ्या गल्लीदेखत दाढी चालायची. श्रावणापासून मात्र न्हाणीघरात, आतून कडी लावून. हात दिसू नये म्हणून. मी बाहेर चहा ढवळत उभी — कान आत, जीव त्या पात्यावर.

६ नोव्हेंबर

शाळेत कॅथलिक मुली कन्फेशनला जायच्या तेव्हा मला भारी हेवा वाटायचा. आम्हा बाकीच्यांना पापं सांगायला खिडकीच नव्हती. म्हणून ही वही.

तर — ते दाढीचं यंत्र मी वापरते.

हनुवटीवर. तीन केस आहेत. पन्नाशीनंतर उगवले, काळेभोर, तारेसारखे. डोक्यावरचे सगळे पांढरे झाले आणि हे तिघे अजून तरुण! आधी चिमट्यानं उपटायची, आता बारीक दिसत नाही. हे दुपारी वाचनालयात गेले की मी कडी लावते. पहिल्यांदा फक्त पारखायला घेतलं होतं — ह्यांना कापेल की नाही ते. दुसऱ्यांदाही पारखायलाच. तिसऱ्यांदापासून कारणं देणं सोडलं.

एकदासुद्धा कापलं नाही. एवढं सुरक्षित आहे ते! पण हे ह्यांना सांगणार कसं? "कशावरून?" असं विचारलं तर?

शाळेतल्या सिस्टर ब्रिजिट असत्या तर हनुवटी वर करायला लावून तपासली असती. नखं तपासायच्या तशी.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सपसप ऐकत अंथरुणातच पडून राहिले. पट्ट्यावर वस्तरा पाजळल्याचा तो आवाज — जाताना सप्, येताना सप्. अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्या सकाळी ह्याच आवाजानं दचकून उठले. वाटलं, कुणाला तरी छड्या मारतायत! कॉन्व्हेंटमधून आलेल्या पोरीला दुसरं काय वाटणार? घाबरत बाहेर आले, तर हे गालाला फेस लावून उभे. एवढा वेळ हसले की सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं.

गेल्या वर्षी हर्नियासाठी चार दिवस दवाखान्यात होते. घरी आल्यावर मी सहज म्हणाले होते, पट्टा वाजला नाही तर मला सकाळ झाल्यासारखीच वाटत नाही. ह्यांनी पेपर उलटा केला फक्त.

१० नोव्हेंबर, रविवार

चहा बशीत सांडला. मी बघितलं नाही असं दाखवलं. त्यांनी सांडला नाही असं दाखवलं.

ठरलं. वस्तरा चोरायचा. उद्याच. सोमवार सिद्धेश्वराचा, त्या दिवशी हे दाढी करत नाहीत, वस्तऱ्याला हातही लावत नाहीत. म्हणजे मंगळवार सकाळपर्यंत बोभाटा नाही. मग वस्तरा नाही म्हटल्यावर करतील काय? फळीवर यंत्र आहेच!

११ नोव्हेंबर, सोमवार

केलं! हे देवळात गेले तेव्हा. ह्यांच्या दाढीच्या पेटीत वस्तऱ्याच्या जागी वजनाला जुना कंगवा ठेवला. वस्तरा कोपऱ्यावरच्या शंकरप्पाकडे लपवायचा बेत होता — ह्यांच्या वस्तऱ्याला दगडावर धार तोच लावतो — पण सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद, हे विसरलेच! शेवटी ज्वारीच्या डब्यात पुरला. तळाशी.

या वयात चोरी. आणि वर हसू येतंय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

देवा!

पहाटेपासून बोंब कधी होते म्हणून वाट बघतेय. कडी लागली. पाणी वाजलं. आणि मग — सप्, सप्, सप्. नेहमीसारखी! अर्ध्या तासानं हे बाहेर आले, गाल गुळगुळीत. म्हणाले, चहा दे.

धावत जाऊन ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला. वस्तरा तिथंच आहे.

१३ नोव्हेंबर

आजही सपसप. आजही गुळगुळीत. भाकरी करपली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

राहवेना. वस्तरा पिशवीत घालून शंकरप्पाकडे गेले. म्हटलं, धार लावा, सरांना कळू देऊ नका. त्यानं पातं उघडून उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाला, "अक्का, ह्याला तांबेरा चढलाय की. लई दिस कुणी गालाला लावल्याला न्हाई ह्यो." वर म्हणाला, गणपती झाल्यापासनं सर धार लावायला आलेच नाहीत, मला वाटलं दुसरीकडं जातात. चेहरा पडला होता बिचाऱ्याचा.

दुपारी हे वाचनालयात. मी चष्मा लावून न्हाणीघरात. यंत्र उघडलं. पात्याखाली साबण, आणि त्यात बारीक बारीक पांढरे खुंट. खिळ्याला टांगलेल्या पट्ट्यामागं हात घातला, तर ह्यांची शाळेतली स्टीलची फूटपट्टी. ओली.

म्हणजे दोन महिने झाले हा माणूस कडी लावून चामड्यावर फूटपट्टी घासतोय, आणि दाढी खेळण्यानं करतोय!

स्टुलावर बसून तोंडात पदर कोंबून हसले. मग हसणं कुठं संपलं ते कळलं नाही. त्यांना पट्टा वाजवायची गरजच काय होती? गुपचूप यंत्र वापरायचं, झालं. आवाज करायचं कारण एकच. ते मीच सांगितलं होतं. हर्नियानंतर.

आणि मी काय केलं? त्यांचा वस्तरा ज्वारीत पुरला.

डोळे पुसून यंत्र बंद करताना एक विचार आला, आणि कान तापले. मला ह्यांचे पांढरे दिसले. मग ह्यांना इतके दिवस माझे काळे दिसले नसतील?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

वस्तरा परत पेटीत. कंगवा माझ्याकडे. शंकरप्पानं तांबेरा घासून काढला, आणि सर दुसऱ्या कुणाकडे जात नाहीत म्हणून सांगितल्यावर जरा खुलला.

सकाळी ह्यांना म्हणाले, आज दाढी छान झालीय. तर तोंड अगदी गंभीर करून म्हणतात, "वस्तऱ्याची गोष्टच वेगळी, वैजू. यंत्रानं अशी होत नाही."

"हो ना," म्हटलं.

बशीत सांडलेला चहा मी माझ्या कपात ओतून घेतला. ह्या वेळी बघितलं, आणि बघितल्याचं लपवलं नाही.

हनुवटीचं मात्र बंद. तिघे वाढले तर वाढोत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शिवणाचा डबा उघडला, तर आत नवा सेफ्टी रेझर. ह्यांच्या रेझरसारखाच, पण मुठीला लाल दोरा बांधलेला — अदलाबदल होऊ नये म्हणून. चिठ्ठी नाही. गाठ वाकडी. दोरा तीन ठिकाणी चुरगळलेला, पुन्हा पुन्हा सोडून बांधलेला.

न्हाणीघरात सपसप चालू आहे. आज कडी लावलेली नाही.